आठ ते सात

पहाटे 5:30

भट्टी उजाडायच्या आत पेटवायची, हा वडिलांचा नियम. त्यामागं शास्त्र वगैरे काही नाही, कुंभकोणमचा उकाडा आहे. नऊनंतर आमच्या खोलीत भट्टीपुढं उभं राहिलं की आधी माणूस वितळतो, सोन्याचा नंबर नंतर लागतो.

आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या दुष्काळानं आमच्या माणसांना देशभर पांगवलं. तमिळनाडूत सराफांची गल्ली असलेल्या गावात चौकशी केली तर एखादा पाटील नाहीतर जाधव मूस घेऊन बसलेला निघतोच. तसा मराठी माणूस या मुलखाला नवा नाही. तंजावरला भोसल्यांची गादी 1855 पर्यंत होती, आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली याच कुंभकोणमात जन्मले. ती मंडळी दिवाण झाली, आम्ही सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन गाळायला आलो.

आज केराच्या दोन पाट्या आहेत. जाळायच्या, धुवायच्या, मग टाकणखार घालून मुशीत. पुतण्या ब्लोअर लावतो आणि लगेच खिशातून मोबाइल काढतो. गावी शिक्षण सोडून इथं आलाय. हात चांगला आहे, लक्ष मात्र मोबाइलात.

6:45

समोरच्या टपरीवर पितळी डबरा-टंबलरमधली डिग्री कॉफी. गिऱ्हाईक रोजचंच: दोन रिक्षावाले, नागेश्वरन देवळापाशी फुलं विकणारी बाई, आणि विड्याची पानं भरून बाजारात जाणारा छोटा हत्तीवाला. त्या गाडीला इथंही ‘कुट्टी यानै’ म्हणजे हत्तीचं पिल्लूच म्हणतात. कारखान्यानं ठेवलेलं नाव कुणाच्या तोंडात नाही.

पुतण्यानं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. अमेरिकेत हप्ते थकलेल्यांच्या गाड्या ओढून नेणाऱ्यांच्या कार्यक्रमांचे तुकडे. गेले काही दिवस टपरीला याचं वेड लागलंय. रात्रीची वेळ, कुठल्यातरी घराचं अंगण. टो-ट्रक उलटा येतो, हुक गाडीच्या पोटाखाली सरकतो. घरातला दिवा लागतो. बनियनवरचा माणूस धावत बाहेर येतो, त्याची बायको येऊन बॉनेटवर बसते. दंड गोंदवलेला धिप्पाड गडी तिला काहीतरी टोमणा मारतो, ती चप्पल फेकते, आणि गाडी निघते ती निघतेच. इंग्रजी कुणाला कळत नाही, कळायची गरजही पडत नाही. बाई बॉनेटवरून घसरली तेव्हा फूलवाली एवढी हसली की तिच्या मांडीवरच्या शेवंत्या सांडल्या.

माझं लक्ष पडद्यापेक्षा बघणाऱ्यांकडे होतं. या टपरीवर कर्जाशिवाय एक चाक नाही. दोन्ही रिक्षांच्या आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव चढलेलं आहे, छोट्या हत्तीवर आहे, माझ्या स्कूटरवरही आहे. हप्त्याला इथं ‘ड्यू’ म्हणतात आणि महिन्याच्या 5 तारखेच्या आसपास टपरीवर दुसरा विषय नसतो. असं असून सगळे टो-ट्रकवाल्याच्या बाजूनं.

8:00

आठच्या ठोक्याला टपरीच्या बाकावर सीझिंगवाला येऊन बसतो. आमच्याकडं गावी याला ‘गाडी ओढणारा’ म्हणतात. वय तिशीच्या आत, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात एजन्सीचं ओळखपत्र, पाठीवर सॅक. राहणारा तिरुभुवनमचा, घरचे रेशमाचे विणकर. माग बंद पडला आणि हा वसुली एजंटाचं ट्रेनिंग घेऊन, परीक्षा देऊन या धंद्यात शिरला. होय, त्याची परीक्षा असते, प्रमाणपत्र मिळतं. मला तो ‘सेट्टु’ म्हणतो. मी मारवाडी नाही हे सांगून सांगून दमलो.

आठ ही त्याची वेळ रिझर्व्ह बँकेनं ठरवलेली आहे. 2022 च्या ऑगस्टमधल्या परिपत्रकानुसार थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. पुढच्याच महिन्यात झारखंडात हजारीबागजवळ ट्रॅक्टर ओढून नेताना एक गरोदर बाई चाकाखाली गेली. रिझर्व्ह बँकेनं त्या फायनान्स कंपनीला बाहेरच्या माणसांकडून वसुली करून घ्यायलाच काही महिने बंदी केली. तेव्हापासून आपल्या साहेबांच्या आवाजातसुद्धा मार्दव आलं, असं हा सांगतो.

त्याची पहिली तासाभराची कामं ऐकण्यासारखी असतात. फोन रेकॉर्ड होतात, त्यामुळं प्रत्येक वाक्याला ‘सार’, प्रत्येक बाईला ‘अक्का’. “अक्का, या महिन्याचा ड्यू बाउन्स झालाय. नाही अक्का, मी ओरडत नाहीये. सोमवारी? गेल्या सोमवारीही सोमवारच म्हणाला होतात.” फोन ठेवला की वहीत एक फुली. वही पानापानाला फुल्यांनी भरलेली.

पुतण्यानं त्याच्यापुढं मोबाइल धरला. “अण्णे, तुमचा पिच्चर.”

त्यानं अर्धा मिनिट बघितलं. “आम्ही असं केलं तर संध्याकाळी आत असू,” म्हणाला, आणि पुढचा नंबर लावला.

9:30

अडगु कडैवाल्याचा, म्हणजे गहाणवट सावकाराचा माणूस माल घेऊन आला. वाटच बघत होतो. वर्ष उलटून गेलेला, सोडवायला कुणी न आलेला माल. इथला 1943 चा सावकारी गहाणवटीचा कायदा एक वर्ष आणि वर सात दिवसांची सवलत देतो. त्यानंतर लिलाव. लिलावातलं मोडीचं सोनं फिरत फिरत आमच्या मुशीत येतं.

कापडी पिशवी ताटात उलटी केली. आधी हातानं निवडायचं. कानातल्या कुड्यांची फिरकीची मळसूत्रं वेगळी, खडे पाडून बाजूला. बांगड्या ठोकल्या की पोटातली लाख चुरा होऊन पडते. एका कुडीच्या पाठीवर सोनारानं मालकिणीच्या नावाचं तमिळ अक्षर कोरलेलं. ते काही माझ्या कामाचं नाही, टच, म्हणजे शुद्धता, किती निघतो तेवढंच कामाचं. मग चांदी मिसळायची, सोन्याच्या तिप्पट, नाहीतर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. सगळं वितळवून पाण्यात ओतायचं, रवा पाडायचा, तो तेजाबात टाकायचा. तांबूस पिवळा धूर उठतो, तेव्हा पुतण्याला मी बाहेर घालवतो. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि भांड्याच्या तळाशी उरते ती काळपट तपकिरी भुकटी, तपकिरीच्या डबीत असते तशीच. हे सोनं आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. धुऊन, वाळवून, पुन्हा मुशीत घातलं की पिवळं होतं.

यात निम्मा माल गाडीच्या ड्यूपोटी गेलेला असतो, असं सावकाराचा माणूस म्हणतो. आकडा मी लावणार नाही, पण रीत उघड आहे. पहिला हप्ता चुकला की शेजारीपाजारी, दुसऱ्याला भिशी, तिसऱ्याला बायकोची चेन. चेन गहाण पडते ती गाडी वाचावी म्हणून. वर्षानं चेनही जाते. गाडी कधी वाचते, कधी दोन्ही जातात. ही ओढाओढ सगळ्या देशात चालते, दिवसाढवळ्या, पावती फाडून. तिचा कार्यक्रम मात्र कुणी काढणार नाही, कारण त्यात बॉनेटवर चढून बसायला जागाच नाही.

12:15

उन्हाच्या वेळी सीझिंगवाला नव्या बसस्टँडच्या तोंडाशी, झाडाखाली. बँकेत जाता जाता मी थांबलो. बँक म्हणजे गावचीच: 1904 साली कुंभकोणम बँक म्हणून निघालेली, आता सिटी युनियन बँक. मुख्य कचेरी अजून इथंच आहे.

तो मोबाइलवर नंबर टाकत होता. समोरून येईल त्या गाडीचे शेवटचे चार आकडे टाकायचे. थकीत असेल तर गाडीचं मॉडेल, किती हप्ते थकले आणि कुणाला फोन करायचा ते येतं. नसेल तर पडदा कोरा. टीएन-68 कुंभकोणम, 49 तंजावर, 50 तिरुवारूर, 51 नागपट्टणम. मी उभा होतो तेवढ्या वेळात त्यानं न थांबता आकडे टाकले आणि दरवेळी पडदा कोरा. घामानं बोट काचेवरून सरकत होतं, ते तो पँटला पुसायचा. असले दिवसच्या दिवस जातात म्हणे. मोबदला गाडीमागं, तीही यार्डात पोचली तर.

“तिकडचे लोक रात्री जातात ना?” मी विचारलं.

“तिकडं कोर्टात जायला लागत नाही, पोलिसांना सांगायलाही लागत नाही, असं ट्रेनिंगच्या सरांनी सांगितलेलं.”

सरांनी बरोबर सांगितलेलं. अमेरिकेत हप्ता थकला की सावकाराला न्यायालयाशिवाय गाडी परस्पर नेता येते. अट एकच, शांतताभंग व्हायला नको. मालक समोर येऊन ‘नाही’ म्हणाला तर माघारी फिरायचं, असा तिथला साधारण दंडक. म्हणूनच खरा वाकबगार माणूस पहाटे तीनला येतो, गाडी उचलतो आणि कुत्रंही भुंकायच्या आत पसार होतो. म्हणजे पडद्यावर आपण जे मिटक्या मारत बघतो, ती धक्काबुक्की आणि ती चप्पल, ते तिथल्या कायद्यानं फसलेलं काम असतं. चोख काम चित्रित केलं तर रिकामं अंगण दिसेल.

1:30

दुकान अडीच तास बंद. सांबार-भात, वर पापड. पुतण्यानं कार्यक्रमांची कुंडली काढून ठेवली होती, ती जेवताना ऐकवली. ‘ऑपरेशन रेपो’ कॅलिफोर्नियातला, ट्रू टीव्हीवरचा. त्यातली भांडणं खऱ्या घटनांवर बेतून पुन्हा उभी केलेली, आणि तसं कार्यक्रमात सांगितलेलंही असतं. ‘लिझर्ड लिक टोइंग’ 2011 ते 2014, नॉर्थ कॅरोलिनातल्या एका टोइंगवाल्या कुटुंबाचा. आणि 2011 मध्येच निघालेला ‘रेपो गेम्स’, ज्यात गाडी न्यायला आलेला माणूस दारातच पाच प्रश्न विचारतो. तीन बरोबर आले तर कर्ज माफ, नाहीतर गाडी गेली. 2008 च्या मंदीनं अमेरिकेत घरं आणि गाड्या जात होत्या, त्याच्या आगेमागेच हे सगळं पिकलं.

“सगळं नाटक आहे तात्या, तरी बघावंसं वाटतं. का?” पुतण्यानं विचारलं.

नाटक आहे म्हणून कुणी बघायचं थांबत नाही. आमच्या गावी जत्रेतल्या कुस्तीत जोड ठरवून लावलीय हे पोराटोरांना ठाऊक असायचं, तरी फड गच्च. बघण्यासारखं काय आहे ते मला सकाळच्या टपरीनं सांगितलं. थोरला रिक्षावाला बोलला होता, “मी पोटाला चिमटा घेऊन ड्यू भरतो. हा का भरत नाही?” हप्ता वेळेवर भरणाऱ्याला कुणी हार घालत नाही. त्याची पावती सोडली तर त्याच्या हाती काही पडत नाही. पडद्यावर दुसऱ्याची गाडी गेली की त्याच्या भरलेल्या हप्त्यांना किंमत येते. आपली अजून खाली उभी आहे, हे बघून तो कॉफी संपवतो.

दुसरं म्हणजे, पडद्यावरच्या थकबाकीदाराला तोंड असतं, खातं नसतं. तो खोटं बोलतो, गाडी लपवतो, शिव्या देतो. त्यानं आधी किती हप्ते भरले, कितवा चुकला, नोकरी कधी गेली, हे कुणी सांगत नाही. त्याचा पासबुकाचा उतारा दाखवला तर कार्यक्रम पाच मिनिटांत मरेल. पण माझ्या मते मुख्य गोष्ट आणखी साधी आहे. कॅमेरा टो-ट्रकमध्ये बसलेला असतो. आपण त्याच्याबरोबर गाडीत बसून निघतो, त्याच्याबरोबर अंगणात उतरतो. ज्याच्या शेजारी बसून आलो, त्याच्याच बाजूनं माणूस बोलणार.

याचा उलटा दाखला आमच्या जिल्ह्यातच आहे. 2016 च्या फेब्रुवारीत महामहमचा उत्सव झाला, बारा वर्षांनी येणारा, गाव माणसांनी फुटलं होतं. ती गर्दी ओसरली नाही तोवर मार्चच्या सुरुवातीला तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडकडं ट्रॅक्टरच्या थकबाकीवरून एका शेतकऱ्याला पोलिसांनी ओढून मारलं. बरंचसं कर्ज फिटलेलं, शेवटचं थोडं राहिलेलं. कुणीतरी रस्त्याच्या कडेनं मोबाइलवर ते टिपलं. मग तमिळ वाहिन्यांनी तेच काही सेकंद दिवसभर फिरवले. मानवी हक्क आयोगानं स्वतःहून नोटीस काढली, नट विशालनं उरलेलं कर्ज आपण भरतो असं जाहीर केलं. तेव्हा याच टपरीवर लोकांचे डोळे पाणावलेले मी पाहिलेत. गोष्ट तीच: हप्ता, गाडी, ओढाओढ. पण तो मोबाइल शेतकऱ्याच्या शेजारी उभा होता.

पुतण्या गप्प बसला. त्याच्या बापानं, माझ्या धाकट्या भावानं, टेंभू योजनेचं पाणी आल्यावर उसासाठी ट्रॅक्टर घेतलाय. कर्जावरच.

4:40

महामहम तळ्याच्या वळणावर गर्दी. स्कूटर लावून आत घुसलो. आमच्या सीझिंगवाल्याचा पडदा अखेर बोलला होता. टीएन-68 चा एक छोटा हत्ती, मागं केळीच्या पानांच्या गड्ड्या. टपरीवरचा नव्हे, दुसराच. ड्रायव्हर चाळिशीचा, लुंगी गुडघ्यावर दुमडलेली, किल्ली मुठीत धरून उभा. सीझिंगवाला हलक्या आवाजात कागद दाखवत होता: अधिकारपत्र, नोटीस, पोलीस ठाण्याला दिलेल्या खबरेची पोच. बरोबर आणखी दोघं, पण ते दोन पावलं मागं.

आणि सर्वात पुढं कोण ओरडत होतं? सकाळचा थोरला रिक्षावाला. “गरिबाच्या पोटावर पाय देता? लाज वाटत नाही?” सकाळचा पोटाला काढलेला चिमटा कुठं गेला होता कोण जाणे. फूलवालीही होती, तिनं सीझिंगवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. पाचसहा मोबाइल वर झालेले, सगळे ड्रायव्हरच्या तोंडावर.

सीझिंगवाल्याचाही मोबाइल चालू होता. त्याला यार्डात व्हिडिओ जमा करावा लागतो. ड्रायव्हर आणि गर्दी सोडून तो गाडीभोवती फिरून टायर टिपत होता, बॅटरी, काचेचा तडा, मीटरवरचे किलोमीटर. मग यादी: स्टेपनी एक, जॅक एक, टेप नाही, ताडपत्री जुनी एक. डॅशबोर्डवर समयपुरम मारियम्मनचा फोटो होता, तो त्यानं काढून ड्रायव्हरच्या हातात दिला. केळीची पानं उतरवून घ्यायला अर्धा तास दिला आणि स्वतः दोन गड्ड्या उचलल्या. हे एकाही मोबाइलनं टिपलं नाही, सगळे तोवर पांगले होते. मारामारी होत नाही म्हटल्यावर थांबणार कोण.

किल्ली त्यानं मागितली, ड्रायव्हरनं दिली. बळजबरी म्हणता येणार नाही. राजीखुशीही म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्येच बजावलंय की वसुलीला गुंड पाठवता येणार नाहीत, गाडी कायद्याच्या वाटेनंच घ्यावी लागेल. वळणावरच्या त्या अर्ध्या तासात कायद्याची वाट म्हणजे प्लास्टिकच्या फोल्डरमधले चार कागद होते, आणि इंग्रजीतले ते कागद ड्रायव्हरनं वाचले नाहीत.

6:00

सोन्याची लगड सावकाराला पोचती. टच नव्व्याण्णवच्या वर. त्यानं वजन केलं, मजुरी दिली, पुढच्या महिन्यात माल जास्त येईल म्हणाला. कुरुवै भाताच्या पेरणीला पैसा लागला की गहाण वाढतं.

7:00

सात वाजून गेले. टपरीवर सीझिंगवाल्यानं वही मिटली, कॉफी मागितली. रिक्षावाला समोरच बसलेला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण रिक्षावाल्यानं मोबाइलवर तो दुपारचा व्हिडिओ लावला होता आणि सीझिंगवाला मान वळवून बघत होता.

“माझा चेहरा आलाय का?”

“पाठ आलीय.”

“मग चालेल.”

पुतण्यानं गावी फोन लावला. बाप म्हणाला, कारखान्याचं बिल अजून जमा झालेलं नाही, ट्रॅक्टरचा हप्ता या महिन्यात तुम्ही बघा. मी उद्या पाठवतो म्हटलं. पोरानं रात्री अमेरिकेतला कार्यक्रम लावला नाही, क्रिकेट लावलं.

8:40

शटर अर्धं ओढलं होतं तेवढ्यात कुणीतरी खाली वाकून हाक मारली. दुपारचा ड्रायव्हर. सोबत बायको, हातात रुमालाची पुरचुंडी. कुणीतरी सांगितलं म्हणे की सेट्टु सोन्याला चांगला भाव देतो.

मी विकत घेत नाही, गाळून देतो, हे समजावलं. तरी तिनं पुरचुंडी उघडली. चेन आणि एक जोडी कुड्या. काट्यावर ठेवलं, इथल्या मापानं दोन पवुनाला थोडं कमी. म्हटलं, विकू नका, गहाण ठेवा, दोन दुकानं सोडून अडगु कडै आहे, पण सावकार आता बंद करून गेला. उद्या रविवार. परवा साडेनऊला या.

त्यानं मनाशी हिशेब केला. थकलेले तीन हप्ते, त्यावरचा दंड, ओढून नेण्याचा खर्च, यार्डाचं दिवसाचं भाडं.

“यार्ड रविवारी बंद असतं ना?” त्यानं विचारलं. “मग उद्याचं भाडं लावणार नाहीत.”

मी सीझिंगवाल्याला फोन करणार होतो, पण सात कधीच वाजून गेले होते. तरी लावला. मी थोडाच वसुलीचा होतो. त्यानं उचलला.

“लावतात,” तो म्हणाला. “रविवारचंही लावतात.”